डेम्लोचा आकडा आणि माझी चूक



मागच्या अंकात याच भिंतीवर, डाव्या कोपऱ्यात, माझा एक लहानसा तुकडा लावला होता. 'एकांची गंमत' असं त्याचं नाव होतं. त्याची शेवटची ओळ मी लाल शाईने लिहिली होती : "एक कितीही वाढवा, ही गंमत कधीच मोडत नाही."

ती ओळ चुकीची आहे. गंमत मोडते, आणि ती दहाव्या एकाला मोडते.

पालकसभेच्या दिवशी माझ्या बाबांनी तीच ओळ चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवली होती. बाबा फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी ते दोनदा बोलले. त्यामुळे चूक कळल्यावर पहिल्यांदा मला असं वाटलं की, मधल्या सुट्टीत कुणी नसताना तो कागद काढून टाकावा. गुरुजींनी माझा हात टाचणीवर बघितला. ते म्हणाले, "कागद राहू दे. शेजारी जागा आहे, तिथं खरं काय ते लिही. आणि चूक कशी झाली तेही लिही." म्हणून हा लेख.

ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी ती गंमत पुन्हा सांगतो. पाटीवर करून बघा :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

जितके एक घेतले तितक्या आकड्यापर्यंत उत्तर चढतं आणि तिथून पायरी पायरीने उतरतं. असं करत करत नऊ एकांपर्यंत गेलो की हा आकडा मिळतो :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी आकडा. डावीकडून वाचा की उजवीकडून वाचा, सारखाच. स्वल्पविराम देऊन लिहिला तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असा होतो. हा वाचायचा कसा, यावर आमच्या वर्गात एक तास गेला. कोटीच्या पुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो. मग गुरुजींनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थानांची नावं सांगितली. हा ग्रंथ इसवी सन ११५० सालचा. भास्कराचार्यांच्या नातवाने कोरून घेतलेला शिलालेख आपल्या महाराष्ट्रातच, चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. ती नावं अशी : एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण अठरा स्थानं. (संस्कृतात दशसहस्राला अयुत, दशलक्षाला प्रयुत आणि दशकोटीला अर्बुद म्हणतात.) आपला आकडा सतरा अंकी, म्हणजे त्याचा पहिला एक 'मध्य' या घरात बसतो आणि परार्धाला एकच पायरी कमी पडते. तो वाचायचा असा : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आणि मग उतरती लागते. आम्ही सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हटला. शेजारच्या वर्गाला वाटलं आरती चालू आहे.

आजीला सांगितला तर ती म्हणाली, "एवढा मोठा आकडा कशाचा रं? कुणाच्या घरात एवढं भात हाय?" मी हिशेब करून सांगितलं : आजी, एका सेकंदाला एक असं मोजत बसलं, जेवायलासुद्धा उठलं नाही, तरी एवढं मोजायला एकोणचाळीस कोटी वर्षांच्या वर लागतील. आजी म्हणाली, "मग नको मोजू."

आता या आकड्याला नाव आहे, हे मला मागच्या अंकाच्या वेळी माहीत नव्हतं. अशा आकड्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. डेम्लो हे कुठल्या परदेशी पंडिताचं नाव असेल असं मला वाटलं होतं. पण डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! कल्याणहून लोकलने मुंबईकडे निघालं की ठाकुर्ली लागते, मग डोंबिवली. आपल्यापैकी बरेच जण धसईहून एस.टी.ने मुरबाड, मुरबाडहून कल्याण आणि तिथून गाडीने त्या स्टेशनावरून गेले असतील, पण त्या नावाचा आकडा आहे हे कुणाला ठाऊक नसेल. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या त्या स्टेशनावर एका माणसाच्या डोक्यात या आकड्यांचा विचार आला, म्हणून त्याने त्यांना स्टेशनचंच नाव दिलं.

तो माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेलं. कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि ज्योतिषाला आकडेमोड लागते, ती त्यांनी मुलाला शिकवली. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं बक्षीस मिळालं. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. बत्तीस वर्षं मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आकडे! पदवीच्या पुढची परीक्षा नाही, प्रयोगशाळा नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर नावाच्या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा साऱ्या जगाला त्यांचं नाव कळलं. १९८६ साली ते वारले.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध आकडा ६१७४. तो थोडक्यात सांगतो, कारण तो आपला आजचा विषय नव्हे. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्याचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच अडकता. मी कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेऊन बघितलं : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात लागल्या!

आता माझ्या चुकीकडे येतो.

नऊ एकांचं उत्तर मी आधी काकांच्या मोबाइलवर करून बघितलं होतं. मोबाइलने १.२३४५६७९ आणि पुढे 'ई १६' असं काहीतरी दाखवलं. गुरुजींनी सांगितलं की याचा अर्थ दशांशचिन्ह सोळा घरं उजवीकडे न्यायचं. मशीनने पुढचे आठ अंक लक्षात ठेवले आणि बाकीचे अंदाजाने सोडून दिले. आपलं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात आलं होतं, मशीनचं कौतुक आपल्याला नवं नाही. पण या आकड्याची सगळी मजा शेपटीत आहे आणि शेपटीच मशीनने गिळली. म्हणून नऊ एकांचा गुणाकार मी हाताने केला, पान आडवं धरून. तो बरोबर आला.

मग दहा एकांचा गुणाकार मी केलाच नाही. इथे माझी खरी चूक. नऊ वेळा जे झालं ते दहाव्यांदा होणारच असं धरलं आणि सरळ लिहून टाकलं : नवापर्यंत चढायचं, मग दहा, मग नवापासून उतरायचं.

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

दिसायला छान दिसतं. वर मी ताळासुद्धा करून बघितला. नवाचा ताळा आपल्याला माहीत आहे. ज्यांचा गुणाकार करायचा त्यांच्या अंकांची बेरीज घ्यायची, ती एक अंकी होईपर्यंत करत राहायची, त्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तराच्या अंकांच्या बेरजेशी जुळवायचा. दहा एकांची बेरीज दहा, म्हणजे एक. एक गुणिले एक, एक. माझ्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ९१, म्हणजे दहा, म्हणजे एक. ताळा जुळला! मग मी लाल शाई घेतली.

अंक भिंतीवर लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी (नाव लिहू नकोस असं तिने बजावलं आहे) फळ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुझा आकडा वीस अंकी आहे. तो एकोणीस अंकीच असायला पाहिजे." मी म्हटलं, "कशावरून? गुणाकार केलास?" ती म्हणाली, "करायलाच नको. दहा एकांचा आकडा दोनशे कोटींपेक्षा लहान आहे की नाही? दोनशे कोटींचा वर्ग म्हणजे चारावर अठरा शून्यं. तो एकोणीस अंकी. मग लहान आकड्याचा वर्ग वीस अंकी कसा होईल?"

मी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिलो. तिने गुणाकारातला एकही अंक काढला नव्हता आणि माझं उत्तर पाडलं होतं. खरं सांगायचं तर मला राग आला. घरी जाऊन कंदील... नाही, लाइट होती, पण कंदील असता तरी मी बसलो असतो, इतका इरेला पेटलो होतो. दहा ओळींचा गुणाकार मांडला आणि उत्तर आलं ते हे :

१२३४५६७९००९८७६५४३२१

एकोणीस अंक. आणि गंमत बघा, चढताना सातानंतर एकदम नऊ आला. आठ गेला कुठे? मी तीनदा गुणाकार केला, तिन्ही वेळा आठ गायब. मधे दोन शून्यं येऊन बसली.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण गंमतीचं सगळं कारण इथे आहे. १११ ला १११ ने गुणणं म्हणजे १११ + १११० + १११०० अशी बेरीज करणं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. एकंच्या घरात एकच एक येतो, दहंच्या घरात दोन एक, शतंच्या घरात तीन, आणि मग ओळी संपत जातात म्हणून दोन, एक. उत्तर १२३२१. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या घरात किती एक जमले त्याची मोजदाद आहे. नऊ एक घेतले की मधल्या घरात नऊ एक जमतात, आणि नऊ हा एका घरात मावणारा सगळ्यात मोठा अंक. घर काठोकाठ भरलं, पण सांडलं नाही. म्हणून नऊ एकांचा डेम्लो आकडा हा हातचा न येणाऱ्या आकड्यांतला शेवटचा आणि सगळ्यात मोठा. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात. शून्य लिहायचं, हातचा एक. तो हातचा शेजारच्या नवात गेला की तिथेही दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो आठात गेला की आठाचा नऊ झाला, आणि तिथे हातचा थांबला. म्हणजे आठ चोरीला गेला नव्हता, त्याला हातचा मिळून त्याचा नऊ झाला होता.

हे मी आजीला सांगितलं. आजी कधी शाळेत गेली नाही, पण खळ्यावर भात मोजायला तीच बसते. पहिल्या मापाला ती 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणते. मग दोन, तीन. ती म्हणाली, "चौथा शेर पडला की शेर संपले, पायली झाली. चार शेर आणि एक पायली असं दोन्ही सांगितलंस तर लोक तुला लबाड म्हणतील." मी नेमकं तेच केलं होतं. दहा एकाच घरात मावत नाहीत, तर मी दहाचे दोन अंक करून दोन घरं अडवली होती. म्हणून आकडा एका अंकाने लांबला.

मग नवाचा ताळा कसा जुळला? हे गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलं की नवाचा ताळा अशी हातच्याची चूक पकडू शकत नाही. एका घरातले दहा काढून पुढच्या घरात एक ठेवला तर अंकांच्या बेरजेत नवाचाच फरक पडतो, आणि नऊ म्हणजे त्या ताळ्याला काहीच नाही. अकराची कसोटी लावली असती तर मी सापडलो असतो. दहा एकांचा आकडा अकराने भागला जातो, म्हणून त्याचा वर्गही भागला गेला पाहिजे. उजवीकडून एकाआड एक अंकांची बेरीज घ्या, उरलेल्या अंकांची वेगळी घ्या, आणि वजाबाकी करा. खऱ्या उत्तरात फरक शून्य येतो, माझ्या उत्तरात एक. त्या दिवसापासून मी दोन्ही ताळे करतो.

आता आपल्या नऊ एकांच्या आकड्याचे बाकीचे गुण सांगतो. हे सगळे आम्ही वर्गात करून बघितले आहेत.

त्याच्या अंकांची बेरीज ८१. आणि तो आकडा ८१ ने निःशेष भागला जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने भागली जाते तिला कापरेकरांनीच 'हर्षद' म्हणजे आनंद देणारी असं नाव दिलं. १८ हर्षद आहे, २१ आहे, १९ नाही. इतका मोठा आकडा हर्षद निघाला याचा आम्हाला खरंच हर्ष झाला. उलट त्याला ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९८००००००००१ मिळतात, आणि हा नऊ नवांचा वर्ग आहे. या वर्गाचे मधोमध दोन तुकडे करा : ९९९९९९९९८ आणि ०००००००१ च्या आधी आणखी एक शून्य, म्हणजे नुसता एक. बेरीज करा, पुन्हा नऊ नऊ! असा वर्ग तोडून बेरीज केली की मूळ आकडा परत मिळतो त्या आकड्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. सोपं उदाहरण ४५ चं. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

मूळ अवयव पाडायला आम्हाला दोन दिवस लागले. नऊ एक म्हणजे ९ × १२३४५६७९. (इथे पुन्हा आठ नाही, बघितलंत? १ ला ८१ ने भागत जा, हेच अंक येत राहतात आणि तिथेही आठाला हातचाच मिळालेला असतो.) १२३४५६७९ म्हणजे ३७ × ३३३६६७. पुढे ३३३६६७ फुटतो का हे बघायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या १०६ आहेत. आमच्या वर्गात सव्वीस मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला चार आल्या, उरलेल्या दोन गुरुजींनी घेतल्या. कुणाचाच भागाकार निःशेष गेला नाही. म्हणजे ३३३६६७ ही मूळ संख्याच. एकाने ओरडून 'गेला!' म्हटलं होतं, पण त्याने बाकी खोडून टाकली होती.

तेव्हा आपला आकडा म्हणजे तीनाचा चौथा घात, सदतीसाचा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. त्यावरून विभाजक किती ते काढता येतं : तीन घ्यायचा तो शून्य ते चार वेळा, म्हणजे पाच प्रकारे; सदतीस तीन प्रकारे; ३३३६६७ तीन प्रकारे. ५ × ३ × ३ = ४५. आकडा एवढा अवाढव्य आणि त्याला भागणारे फक्त पंचेचाळीस. ४५ विषम आहे, ते बरोबरच आहे. विभाजक नेहमी जोडीने येतात, फक्त वर्गसंख्येत एकाला जोडीदार नसतो, तो स्वतःच स्वतःचा जोडीदार असतो. इथे तो एकटा म्हणजे आपले नऊ एक.

बाबांना मी हे सगळं जेवताना सांगितलं, चुकीसकट. ते म्हणाले, "मग मी त्या दिवशी खोटं वाचलं म्हणायचं." मी गप्प बसलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तो आठ कुठे गेला म्हणालास?" मी ताटाशेजारी पाण्याने बोटाने लिहून दाखवलं. पुढच्या पालकसभेला ते येणार आहेत, आणि तेव्हा ते हाच कागद वाचतील असं म्हणाले आहेत.

पुढच्या अंकासाठी कोडं : अकरा एकांचा वर्ग काढा. उत्तर एकवीस अंकी यायला पाहिजे. ते सुलट-उलट सारखं आहे का, आणि आठ किती वेळा येतो, तेही लिहा. मोबाइल चालणार नाही, तो शेपूट गिळतो. नवाचा आणि अकराचा, दोन्ही ताळे करून वहीचं पान खिडकीतल्या खोक्यात टाका. माझं उत्तर मी आधीच टाकलं आहे, आणि जिने माझी चूक काढली तिने ते तपासलं आहे.